गरोदरपणात निरसे दूध पिणे सुरक्षित आहे का?

प्रश्न : कोरेगावची सून

नमस्कार. मी मूळची पुण्याची. सासर कोरेगाव तालुक्यातल्या एका लहान गावात आहे. ही माझी पहिलीच खेप असून सध्या एकविसावा आठवडा सुरू आहे. कार्यालयाने घरून काम करण्याची परवानगी दिल्यामुळे गेल्या महिन्यापासून मी सासरी राहायला आले आहे. घरी दोन संकरित गाई, एक लहान कालवड आणि एक म्हैस आहे. बहुतेक दूध संकलन केंद्रावर जाते आणि घरच्यापुरते दोन लिटर मागे ठेवले जाते.

माझा प्रश्न त्या दोन लिटरांमधल्या एका पेल्याचा आहे. रोज सकाळी धार काढून झाली की सासूबाई चरवीतले फेसाळलेले, कोमट, निरसे दूध गाळून माझ्या हातात देतात आणि मी ते संपवीपर्यंत समोर उभ्या राहतात. दूध तापवले की त्यातला कस निघून जातो, धारोष्ण दुधाने बाळाची हाडे भक्कम होतात, असे त्यांचे ठाम मत आहे. त्यांनी स्वतः तिन्ही खेपांना असेच दूध घेतले आणि तिन्ही मुले धडधाकट आहेत. त्या हे सगळे मायेपोटी करतात याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, आणि म्हणूनच त्यांना नाही म्हणणे मला जड जाते.

मागच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी ‘कच्चे दूध अजिबात नको’ एवढेच सांगितले. बाहेर रांग मोठी होती, त्यामुळे कारण विचारायचे राहून गेले. आणि कारण ठाऊक नसताना घरातल्या मोठ्या माणसांशी वाद घालणे मला योग्य वाटत नाही. आमचा गोठा स्वच्छ असतो, धार काढण्यापूर्वी कास धुतली जाते आणि जनावरांना कोणताही आजार नाही. उन्हाळ्यात एक गाय सातव्या महिन्यात गाभडली होती, म्हणजे तिचा गर्भ पडला होता, तेवढे सोडले तर दोन वर्षांत डॉक्टरला बोलवावे लागलेले नाही. सासूबाईंची प्रकृतीही त्यांच्या वयाच्या मानाने उत्तम आहे. गेले काही महिने त्यांना संध्याकाळी कणकण वाटते आणि कंबर व गुडघे दुखतात, पण ते वातामुळे असावे असे सगळ्यांना वाटते.

जनावर निरोगी आणि गोठा स्वच्छ असताना निरशा दुधात नेमका धोका कोणता असतो? दूध तापवल्याने त्यातले काय कमी होते? मी सुमारे तीन आठवडे असे दूध प्यायले आहे, तर आता काही तपासणी करून घ्यावी का? आमची म्हैस पंधरा दिवसांत व्यायची आहे. तेव्हा चीक आणि खरवस यांचे काय करावे, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

उत्तर : परिचारिका, मिरज

ताई, निरसे दूध आजपासून बंद करा. बाकीचे सविस्तर वाचून मग घरी बोला. मी बरीच वर्षे प्रसूती विभागात काम करते आणि तुमच्या डॉक्टरांनी जे एका वाक्यात सांगितले त्यामागचे कारण सांगण्याचा प्रयत्न करते.

निरशा दुधातून साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर, ई. कोलाय असे अनेक जंतू पोटात जाऊ शकतात आणि त्यांनी होणारे जुलाब-उलट्या कोणालाही होतील. गरोदर स्त्रीच्या बाबतीत आम्हाला त्याहून अधिक काळजी वाटते ती लिस्टेरिया या जंतूची. गर्भ हा शरीराच्या दृष्टीने काहीसा परका असतो आणि तो सांभाळता यावा म्हणून या काळात स्त्रीच्या प्रतिकारशक्तीत काही बदल होतात. त्याचा परिणाम असा की लिस्टेरियाचा संसर्ग होण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे १० पट वाढते. आईला होणारा त्रास अगदी किरकोळ असू शकतो: थोडा ताप, अंगदुखी, सर्दी-पडशासारखी लक्षणे. तोच जंतू वारेतून बाळापर्यंत पोहोचला तर गर्भपात, पोटातच मूल दगावणे, अपुऱ्या दिवसांची प्रसूती किंवा नवजात बाळाला गंभीर जंतुसंसर्ग असे परिणाम होतात. आई तापातून दोन दिवसांत उठते आणि बाळ मात्र हाती लागत नाही, असा हा आजार असल्यामुळेच डॉक्टर या बाबतीत तडजोड करीत नाहीत.

दुसरी लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की हा जंतू फ्रिजमध्येही वाढतो. इतर बहुतेक जंतूंची वाढ थंडीने मंदावते, याची थांबत नाही. त्यामुळे ‘निरसे दूध लगेच फ्रिजमध्ये ठेवले होते’ हा बचाव इथे लागू पडत नाही.

आता तुमच्या तीन आठवड्यांविषयी. कोणतेही लक्षण नसेल तर घाबरून जाण्याचे किंवा स्वतःहून औषध घेण्याचे कारण नाही. असे दूध पिणाऱ्या प्रत्येक स्त्रीला आजार होतो असे मुळीच नाही. मात्र लिस्टेरियाची लक्षणे काही दिवसांपासून ते ७० दिवसांपर्यंत केव्हाही दिसू शकतात. त्यामुळे पुढचे दोन-अडीच महिने ताप आला, अंग मोडून आले, पोटात कळा आल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि आपण निरसे दूध प्यायलो होतो हे आपणहून सांगा. त्या एका वाक्यामुळे डॉक्टर रक्ताची योग्य तपासणी करतात आणि गरोदरपणात चालणारे प्रतिजैविक वेळेवर सुरू होऊ शकते.

तापवल्याने काय जाते, हेही सांगते. ब गटातली काही जीवनसत्त्वे आणि मुळातच थोडे असलेले क जीवनसत्त्व काही प्रमाणात कमी होते. हाडांसाठी ज्याची गरज असते ते कॅल्शियम, तसेच प्रथिने आणि स्निग्धांश तापवल्याने नाहीसे होत नाहीत. फॉलिक अॅसिड तुम्ही गोळीतून घेतच असाल. लोहाची गोळी मात्र दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, कारण त्यामुळे लोह अंगी लागत नाही; दोन्हींत निदान दोन तासांचे अंतर ठेवा. ही चूक मी दूध तापवून पिणाऱ्या घरांतही फार पाहते.

उत्तर : कृष्णाकाठ, वाळवा

मी शेतकरी आहे आणि माझे मत थोडे वेगळे आहे. ते विरोधासाठी म्हणून नव्हे, तर शंका म्हणून मांडतो. आमच्या घरी चार पिढ्या धारोष्ण दूध प्यायले जात आहे. तालमीतली मुले पहाटे येऊन गोठ्यातच तांब्याभर दूध पीत असत आणि त्यांतले कोणी आजारी पडल्याचे मला आठवत नाही. बाजारातले दूध दहा ठिकाणचे एकत्र होते, त्यामुळे ते तापवलेच पाहिजे हे मान्य आहे. परंतु ज्या घरी एकच देशी गाय आहे, तिचे खाणेपिणे डोळ्यांसमोर आहे आणि दूध काढल्यापासून पाच मिनिटांत पोटात जाते, तिथेही हाच नियम लावावा का? आमच्याकडे खिलार गाय आहे. देशी गाईचे ए-टू दूध निर्धोक असते असे अनेक जण सांगतात. शिवाय आमचे दूध संकलन केंद्रावर रोज तपासले जाते आणि आजवर एकदाही परत आलेले नाही. जाणकारांनी खुलासा करावा.

उत्तर : पशुवैद्य, खटाव तालुका

आधी प्रश्न विचारणाऱ्या ताईंशी बोलतो आणि नंतर वाळव्याच्या दादांच्या शंकेकडे येतो, कारण ताईंच्या लिहिण्यात दोन गोष्टी जाता जाता आल्या आहेत आणि माझ्या दृष्टीने त्याच सर्वांत महत्त्वाच्या आहेत.

पहिली म्हणजे, तुमची गाय सातव्या महिन्यात गाभडली. जनावर गाभडण्याची कारणे अनेक असतात. उन्हाचा ताण, मार लागणे, इतर काही संसर्ग, यांपैकी काहीही असू शकते. परंतु पाचव्या महिन्यानंतर गाय गाभडली की पशुवैद्याच्या मनात सर्वप्रथम ब्रुसेलोसिस येतो, ज्याला आपल्याकडे सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाईच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ असतो आणि तो या जंतूच्या वाढीला फार पोषक ठरतो, म्हणून हा आजार नेमका गाभण जनावराच्या गर्भाशयावर घाला घालतो. गाय गाभडते, पुष्कळदा झार म्हणजे वार अडकते, आणि काही दिवसांनी ती पूर्ववत दिसू लागते. पुढच्या वेताला ती बहुधा दिवस भरून वितेसुद्धा. मालकाला वाटते की संकट टळले. प्रत्यक्षात जंतू तिच्या कासेत आणि कासेजवळच्या गाठींत ठाण मांडून बसलेला असतो आणि महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, दुधातून बाहेर पडत राहतो. त्या दुधाचा रंग, वास, चव, फॅट यांत काडीचाही फरक दिसत नाही. ‘आमच्या जनावरांना कोणताही आजार नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा ‘आम्हाला दिसणारा आजार नाही’ एवढाच त्याचा अर्थ असतो.

दुसरी गोष्ट, तुमच्या सासूबाईंची संध्याकाळची कणकण आणि कंबर-गुडघ्यांचे दुखणे. मी माणसांचा डॉक्टर नाही आणि निदान करणे माझे काम नाही. परंतु चढउतार होणारा ताप, रात्री घाम येणे, सांधे व कंबर दुखणे, थकवा, ही माणसातल्या ब्रुसेलोसिसची ठरावीक लक्षणे आहेत, आणि आपल्या भागात ती वाताच्या किंवा वयाच्या नावावर महिनोन्‌महिने खपून जातात. गाय गाभडली तेव्हा ते वासरू आणि ती वार कोणी उचलली, गोठा कोणी धुतला, हे आठवून पाहा. गाभडलेल्या गाईच्या वारेत आणि स्रावात जंतूंची संख्या प्रचंड असते आणि उघड्या हाताने, विशेषतः हातावर बारीकशी चीर असेल तर, तो शरीरात सहज शिरतो. म्हणून सासूबाईंची रक्ततपासणी करून घ्या आणि घरात गाय गाभडली होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. हा आजार बरा होतो. औषधे मात्र साधारण सहा आठवडे न चुकता घ्यावी लागतात.

तुम्हाला स्वतःला हे लागू होते ते असे: गरोदर स्त्रीला ब्रुसेलोसिस झाला तर गर्भपाताचा आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका वाढतो, आणि त्यावरच्या नेहमीच्या औषधांपैकी डॉक्सीसायक्लिन गरोदरपणात देणे टाळतात, त्यामुळे उपचारही अवघड होतो. या जंतूची लक्षणे दिसायला एक ते चार आठवडे, कधी काही महिनेही लागतात. तुमची गाय गाभडलेली असल्यामुळे तुमची स्थिती केवळ निरसे दूध प्यायलेल्या स्त्रीपेक्षा थोडी वेगळी आहे. म्हणून लक्षणे नसली तरी तुमच्या डॉक्टरांना हा तपशील आत्ताच सांगा आणि तपासणीचा निर्णय त्यांच्यावर सोडा. म्हैस विईल तेव्हा तुम्ही गोठ्यात जाऊ नका. वार, त्या वेळचे स्राव किंवा ओले वासरू यांना तुमचा हात लागता कामा नये. दुधाइतकीच, किंबहुना दुधापेक्षाही, मला याची काळजी वाटते.

आता दादांची शंका. संकलन केंद्रावर फॅट, एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि डिग्री (दुधाच्या घनतेचा आकडा) पाहिली जाते. त्यावरून दुधात पाणी किती आणि साय किती हे कळते. लिस्टेरिया, ब्रुसेला किंवा क्षयाचे जंतू त्या यंत्राला दिसत नाहीत. दूध परत आले नाही याचा अर्थ ते नासलेले किंवा भेसळीचे नव्हते, इतकाच. ए-टू हा दुधातल्या एका प्रथिनाचा प्रकार आहे आणि त्याचा जंतूंशी काहीही संबंध नाही. खिलार असो, म्हैस असो वा होल्स्टीन संकर असो, संसर्ग कोणालाही होतो. पाच मिनिटांत प्यायल्यानेही फरक पडत नाही, कारण हे जंतू कासेतूनच दुधाबरोबर येत असतील तर पहिल्या धारेपासूनच ते त्यात असतात. जनावराला दगडी म्हणजे कासेचा दाह झाला असेल आणि तो अजून वरून दिसत नसेल, तर त्याचे जंतूही असेच येतात. लिस्टेरियाचा बराचसा भाग बाहेरूनही येतो, आणि आपल्याकडे त्याचे एक नवे कारण वाढते आहे, ते म्हणजे मुरघास, हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा. मका नीट दाबला नाही, पिशवीत हवा राहिली आणि आंबवण अर्धवट झाले की बुरशी आलेल्या थरात लिस्टेरिया वाढतो. तो जनावराच्या पोटातून शेणात आणि शेणातून सडांवर येतो. सड कितीही धुतले तरी सूक्ष्म अंश राहतो. स्वच्छ गोठ्याने धोका कमी होतो हे खरे आहे आणि तुमच्या मेहनतीची मला कदर आहे, परंतु गरोदर स्त्रीच्या बाबतीत कमी झालेला धोका पुरेसा नसतो.

माणदेशातल्या आणि आटपाडी भागातल्या वाचकांसाठी शेळीच्या दुधाविषयीही लिहितो, कारण शेळी दहा प्रकारचा पाला खाते म्हणून तिचे दूध औषधी आणि निर्दोष असते, असे मला वाड्या-वस्त्यांवर नेहमी ऐकायला मिळते. ब्रुसेलाचा जो प्रकार माणसाला सर्वाधिक त्रास देतो, तो शेळ्या-मेंढ्यांचाच आहे. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर इंग्रज सैनिक एका विचित्र तापाने वर्षानुवर्षे आजारी पडत होते. १८८७ साली डेव्हिड ब्रूस यांनी त्या तापाचा जंतू शोधला आणि १९०५ साली थेमिस्टोक्लीस झामिट यांना तो तिथल्या दिसायला धडधाकट असलेल्या शेळ्यांमध्ये सापडला. पुढच्या वर्षी सैनिकांना शेळीचे दूध देणे थांबवले आणि रुग्णांची संख्या झपाट्याने उतरली. शेळ्या आजारी दिसत नव्हत्या म्हणूनच तो उलगडा व्हायला इतकी वर्षे लागली. शेळीच्या निरशा दुधातून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचाही धोका असतो आणि तोही गर्भाला अपायकारक आहे.

तुमच्या तालुक्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून दोन्ही गाईंचे आणि म्हशीचे रक्त तपासून घ्या. कालवड चार ते आठ महिन्यांची असेल तर तिला ब्रुसेलाची लस एकदाच टोचली की पुरते. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत दिली जाते. लस जिवंत जंतूंची असल्यामुळे टोचताना तुम्ही जवळ थांबू नका.

उत्तर : वैद्या, सांगली

धारोष्ण दुधाचा विषय निघाला की आयुर्वेदाचा दाखला दिला जातो, म्हणून त्याविषयी थोडे लिहिते. धारोष्ण दूध गुणकारी असल्याचे ग्रंथांत म्हटले आहे, हे खरे आहे आणि ते मी नाकारीत नाही. परंतु सुश्रुतसंहितेत ज्या ठिकाणी दुधाचे वर्णन आहे, त्याच ठिकाणी आम म्हणजे न तापवलेले दूध सामान्यतः जड आणि अभिष्यंदी (शरीरातले मार्ग तुंबवणारे) असते व तापवलेले दूध पचायला हलके होते, असेही स्पष्ट सांगितले आहे. आणि न तापवता हितकर असलेले दूध म्हणून अपवाद केला आहे तो केवळ आईच्या दुधाचा. एक वाक्य उचलायचे आणि शेजारचे सोडून द्यायचे, हे शास्त्राला धरून नाही.

गर्भिणीच्या मासानुमासिक आहारात चरकांनी दुधाला मोठे स्थान दिले आहे. दुसऱ्या महिन्यात सांगितलेले दूध मधुर औषधांनी सिद्ध केलेले आहे. सिद्ध करणे म्हणजे औषधांसह अग्नीवर आटवणे. आम्ही आजही शतावरी घालून दूध देतो तेव्हा ते उकळूनच देतो. सासूबाईंना आयुर्वेदाचा आधार महत्त्वाचा वाटत असेल, तर तुमच्या वैद्यांच्या आणि प्रसूतितज्ज्ञांच्या सल्ल्याने असे सिद्ध दूध करण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवा. परंपरा मोडली असे त्यांना वाटणार नाही, कारण ती मोडलेली नसेलच.

उत्तर : एक सासू, पलूस

मुली, मी तुझ्या सासूबाईंच्या वयाची आहे आणि मीही निरसे दूध प्यायले आहे, सुनेलाही देऊ केले होते. म्हणून त्यांच्या बाजूने आणि तुझ्याही बाजूने लिहिते.

आम्ही म्हणतो की आम्हाला काही झाले नाही. हे म्हणणारी मी आहे, कारण माझी मुले जगली. माझ्या पिढीत ज्यांचे सहाव्या-सातव्या महिन्यात गेले, त्या बायका ‘दृष्ट लागली’, ‘पाय घसरला’, ‘देवाच्या मनात नव्हते’ असे म्हणून गप्प राहिल्या आणि त्यांच्या दुधाच्या पेल्याविषयी कोणी विचारले नाही. कदाचित कारण वेगळेही असेल. पण माझ्या सुनेने हे माझ्यापुढे मांडले तेव्हा मला उत्तर देता आले नाही, आणि त्या दिवसापासून मी दूध तापवू लागले.

सासूबाईंना ‘तुमचे दूध नको’ असे म्हणू नकोस. ‘तुमच्या हातचे तापवलेले द्या’ असे म्हण. धार काढून आणली की दूध गाळून लगेच चुलीवर ठेवायचे. दूध वर आले म्हणजे सगळे उकळले असे नसते. साईखाली कोंडलेल्या वाफेने ते चढते. म्हणून आच बारीक करून, पळीने तळापासून ढवळत आणखी दोन-तीन मिनिटे उकळू द्यावे. मग कोमट करून त्याच पेल्यात घ्यावे. निरशा दुधाची चरवी आणि गाळणे तापवलेल्या दुधाला लावू नये, आणि सकाळच्या तापवलेल्या दुधात संध्याकाळचे निरसे ओतू नये. ही सवय आमच्याकडे फार जुनी आहे आणि तीच सगळ्यावर पाणी फिरवते. दही, ताक, लोणी हे तापवलेल्या दुधाचे असेल तर खुशाल खा. तूप कढवलेलेच असते.

चीक निरसा चाखायचा नाही, बोटानेसुद्धा नाही. खरवस मधोमध सुरी घातली तर ती कोरडी निघेपर्यंत वाफवावा आणि मग खावा. पूजेच्या पंचामृतात निरसे दूध असते हे बायका विसरतात. तुझ्यासाठी तापवून गार केलेल्या दुधाचे वेगळे करायला सांग. देवाला ते चालते.

पुन्हा : कोरेगावची सून

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण या काळात बरेच काही घडले.

पशुवैद्यांचे उत्तर मी सासूबाईंना आणि माझ्या यजमानांना जसेच्या तसे वाचून दाखवले. गाय गाभडली त्या रात्री सासूबाईंनीच उघड्या हातांनी सगळे आवरले होते आणि खुरप्याने कापलेले त्यांचे बोट तेव्हा भरून आलेले नव्हते, हे त्यांनी स्वतःच सांगितले. त्यानंतर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा दूध चुलीवर होते.

जनावरांच्या रक्ताचे नमुने तालुक्याच्या दवाखान्यातून पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत पाठवले गेले. गाभडलेली गाय बाधित निघाली. दुसरी गाय आणि म्हैस यांचे अहवाल चांगले आले. सासूबाईंच्या रक्तातही ब्रुसेलोसिस आढळला आणि त्यांचे सहा आठवड्यांचे औषध सुरू झाले आहे. ताप उतरला आहे, अंगदुखीही कमी आहे. माझ्या डॉक्टरांनी सगळी हकीकत ऐकून माझी तपासणी केली. त्यात काही निघाले नाही, परंतु काही आठवड्यांनी ती पुन्हा करायची आहे. बाळाची वाढ व्यवस्थित आहे.

सासूबाईंना एकच गोष्ट सारखी टोचते की ते दूध त्यांनी मला स्वतःच्या हाताने दिले. मी त्यांना सांगते की त्यांना जे ठाऊक होते त्यात त्यांनी मला सर्वांत चांगले तेच दिले होते, आणि माझ्या प्रश्नातून त्यांचाच आजार उघडकीस आला. म्हैस गेल्या शुक्रवारी व्याली. मी गोठ्यात गेले नाही. यजमानांनी हातमोजे घालून सगळे केले आणि वार चुना टाकून खोल पुरली. खरवस सासूबाईंनी नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ वाफवला.

बाधित गाईचे आता काय करावे?

उत्तर : पशुवैद्य, खटाव तालुका

वेळेवर हालचाल केलीत, फार बरे वाटले. त्या गाईला दुसऱ्या दावणीला, शक्य तितक्या अंतरावर बांधा, तिची धार सर्वांत शेवटी काढा आणि तिचे दूध न उकळता कोणीही, अगदी वासरानेही, पिऊ नये याची काळजी घ्या. उपचाराने गाय खात्रीने जंतुमुक्त होत नाही, त्यामुळे ती ठेवायची की नाही हे तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांशी बोलून ठरवा; आजार लपवून ती बाजारात मात्र विकू नका, कारण तिथून ती दुसऱ्या एखाद्या घरातल्या गोठ्यात जाईल. उरलेल्या दोन जनावरांची तपासणी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागेल, कारण नुकताच संसर्ग झाला असेल तर तो पहिल्या तपासणीत दिसत नाही. कालवडीचे वय कळवा.

पुन्हा : कोरेगावची सून

कालवड पाच महिन्यांची आहे. तिच्या कानात बारा आकडी बिल्ला मारून झाला आहे आणि येत्या मंगळवारी लस टोचायला येणार आहेत. त्या दिवशी सासूबाई आणि मी दोघीही घरात थांबू.